राजवाड्याच्या बागेतली रांग

माझी बायको रेमे गेल्यानंतर राजवाड्यात मी एकटा पहिल्यांदाच गेलो. एरवी आम्ही दर रविवारी जायचो. स्पेनमधल्या आमच्या सेव्हिया शहरात राहणाऱ्यांना तिकीट पडत नाही, म्हणून रेमे त्या राजवाड्याला आपलं परसदारच समजायची. नक्षीच्या कमानी आणि सोनेरी घुमट बाहेरगावच्यांसाठी. आम्ही दालनांतून न थांबता सरळ बागेत जायचो आणि तळ्याजवळच्या निळ्या फरशांच्या बाकावर बसायचो.

मुलगी आउरोरा दूर उत्तरेला, विगो शहरात असते. तिने माझ्यासाठी तिकडे खोली रिकामी केली आहे. "बाबा, रविवारी संध्याकाळी फोन करते. हो की नाही, काय ते सांगून टाका," असं तिने बजावलं होतं. मी मनाशी ठरवलं, त्या बाकावर एकट्याने बसता आलं तर इथेच राहायचं. नाही आलं तर सामान बांधायचं.

बसलो. समोर माळ्यांच्या अवजारांच्या खोलीचं बंद हिरवं दार होतं. नारंगीच्या झाडाखाली मोर ओरडत होता. थोड्याच वेळात शेजारची रिकामी जागा बघवेना. आता उठावंच, असं वाटलं, तेवढ्यात हातात पंखा घेतलेली एक दणकट बाई आली. तिने माझ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "शेवटचं कोण?"

आमच्याकडे मासळीबाजारात, दवाखान्यात, कुठेही गेलं की आधी हेच विचारतात. जो शेवटचा असेल तो हात वर करतो. मग त्याच्यावर नजर ठेवून कुठेही टेका, ताटकळत उभं राहायला नको. जन्माची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

"बरं, तुमच्यामागे मी," म्हणत बाई तळ्याच्या कठड्यावर बसली.

मग एक जोडपं आलं. त्यांनी विचारलं, बाईने पंखा वर केला. पाठोपाठ आणखी माणसं आली. बघता बघता कारंज्याभोवती, झुडपांच्या सावलीत, पायऱ्यांवर, जिकडेतिकडे लोक नंबर धरून बसले. मला उठायची सोय राहिली नाही. मी गेलो तर बाई कोणाच्या मागे?

"पण रांग आहे कशाची?" एका टकल्या गृहस्थाने विचारलं.

"राजाच्या खोल्या दाखवतायत."

"कसल्या खोल्या! नारंगीचा मुरंबा वाटतायत. माझ्या वहिनीने नेला होता."

"तुझी वहिनी फुकट मिळाला तर दगडाचाही मुरंबा नेईल."

"तुम्हाला माहीत नाही, तर थांबलात कशाला?"

"एवढी माणसं काय वेडी आहेत?"

तेवढ्यात टोपी घातलेला एकजण सरळ हिरव्या दाराकडे निघाला. सगळी बाग त्याच्यावर ओरडली. बिचारा तिथला माळी होता. मुकाट्याने मागे आला आणि शेवटचं कोण ते विचारून बसला.

अखेर पहारेकरी सेराफिन आला. तो मला ओळखतो.

"एउसेबिओ, काय भानगड आहे? पहिलं कोण इथे?"

"मी यांच्या मागे," पंखेवाली म्हणाली. "यांच्या पुढे कोण, ते यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मी बायकोच्या मागे," मी म्हणालो. बागेत चालताना तीच नेहमी पुढे असायची.

"कुठायत त्या?"

"मार्चमध्ये वारली."

मग टकल्याने खाकरून विचारलं, "वाईट झालं. पण मग त्यांचा नंबर रद्द होतो, की यांना मिळतो?"

"लाज नाही वाटत?" पंखेवाली उसळली. "नवऱ्यालाच मिळतो. ही काय विचारायची गोष्ट?"

"मुलंबाळं असतील तर त्यांचाही हक्क लागतो म्हटलं."

"मुलगी विगोला आहे," मी म्हणालो.

"मग संपलं! जो हजर त्याचा नंबर."

यावर कोणाचंच दुमत नव्हतं. सेराफिनने कपाळावर हात मारला आणि हिरवं दार उघडलं. आत दाताळी, पाण्याची नळी आणि खिळ्याला वाळत घातलेला एक बनियन होता. लोकांनी क्रमाने येऊन डोकावून पाहिलं. माळ्याने आपला नंबर आल्यावर बनियन काढून घेतला.

"झालं समाधान? जा आता घरी," सेराफिन म्हणाला.

"आज नाही तर पुढच्या रविवारी असेल," टकल्या म्हणाला.

"असेल तर असेल, पण क्रम हाच," पंखेवालीने सर्वांना सुनावलं आणि माझ्याकडे वळली. "याल ना हो? नाहीतर मी कोणाच्या मागे बसू?"

"येईन," मी म्हणालो.

संध्याकाळी आउरोराचा फोन आला. "बाबा, काय ठरलं?"

एकट्याने बसता येतं की नाही, हे मला कळलंच नव्हतं. कोणी एकट्याने बसू दिलं तर ना!

"नाही येत," मी सांगितलं. "रविवारी माझा नंबर आहे."

"कसला नंबर?"

"ते अजून कोणाला माहीत नाही. पण पहिला आहे."

मग म्हणाली, "बाबा, जेवलात का तुम्ही?"

"जेवतो आता," मी म्हणालो, आणि गॅस पेटवायला उठलो.