बापाकडचं निम्मं

"हात नको! हात लावू नकोस!"

एग्बर्ट एवढ्या जोरात ओरडला की माझ्या हातातली चाळणी कलंडली आणि दुपारभर निवडलेलं बी पुन्हा सगळं एकत्र झालं. मी चिडून मान वर केली. मागच्या दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल. गडद निळा कोट, त्याची बटणं लागत नव्हती इतकं पोट पुढे आलेलं, आणि उजवा हात पुढे केलेला. हा बाबा अंगणात, तिच्यापासून चार हात लांब, दोन्ही हात पाठीमागे लपवून उभा. जणू काही तिला खरूज झाली होती.

"मी रुलीन," ती म्हणाली. हात तिने हळूच खाली घेतला.

"ते दिसतंय मला. थेट विल्माचा चेहरा आहे," तो म्हणाला. "बस आत. मी अंघोळ करून येतो."

आणि गेला की! वीस-बावीस वर्षांनी पोटची पोर दारात आली आणि हा माणूस अंघोळीला गेला. आमच्या कालव्यावरची माणसं कमी बोलतात हे मला मान्य आहे, मी इथलीच आहे. पण यालाही काही सीमा असते.

मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, कॉफी ठेवली. माझं नाव आल्टये, शेजारच्या घरातली, नवरा वारल्यापासून दुपारी इथे बी निवडायला येते, एवढं सांगितलं. ती कोट न काढताच बसली.

"साधा हातही दिला नाही त्यांनी," ती म्हणाली.

"अगं, आज त्याचा नरांचा दिवस आहे."

"कसला?"

आता हे कसं सांगायचं! आमच्या गावात पोराटोरांनासुद्धा ठाऊक आहे. एग्बर्ट पूर्वी टोमॅटो लावायचा. टोमॅटोचा धंदा बसला, बायको विल्मा मुलीला घेऊन झ्वॉले शहरात निघून गेली, आणि तेव्हापासून तो काचेच्या घरात गांजाची झाडं लावून बी तयार करतो. ॲमस्टरडॅमचे व्यापारी ते घेऊन जातात. गांजात नर झाड वेगळं, मादी वेगळी. नरांची कोठी लांब, बटाट्याच्या वखारीमागे. तिथे काम केलं की अंगभर पिवळी धूळ बसते, पराग. ती डोळ्यांना दिसतही नाही. बाहीवर चिमूटभर राहिली आणि तसंच माद्यांच्या घरात पाऊल टाकलं, तर कुठल्या बापाचं बी कुठल्या आईला धरलं याचा पत्ता लागत नाही. वर्ष मातीत. म्हणून त्या दिवशी तो कुणाला शिवत नाही. कुणाच्या वाढदिवसाला जात नाही, रस्त्यात कुणी भेटलं तर सायकलवरून उतरत नाही. केस धुऊन, सगळे कपडे बदलून मगच माणसात येतो. पाणी लागलं की पराग मेला.

"बरं, ते त्यांच्या झाडांना," रुलीन म्हणाली. "मला काय होणार होतं?"

"तुझ्या कोटाला लागलं असतं ना. मग तुला माद्यांच्या घरात कसं नेलं असतं त्याने? तुला तेच तर दाखवायचं असणार. दुसरं आहे काय त्याच्याकडे दाखवायला?"

हे तिला पटलं की नाही कोण जाणे. तिने टेबलावरचं एक बी उचलून बोटांत फिरवलं. पिकलेल्या बियांवर लाव्याच्या अंड्यासारखी नक्षी असते.

"सुंदर आहे," ती म्हणाली.

"ते कवच सगळं आईचं. गिऱ्हाईक तेवढंच बघतं. बापाने दिलेलं आत असतं, ते पेरल्याशिवाय दिसत नाही." मी हे म्हटलं आणि जीभ चावली. काय बोलायला जावं आणि काय निघावं तोंडातून!

एग्बर्ट आला. केस ओले, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो शर्ट मी त्याच्या अंगावर फक्त मयताला पाहिला होता. तो तिच्या अगदी समोर बसला आणि तिच्या ओठांकडे टक लावून बघू लागला. ती अवघडली. मला कारण माहीत होतं. गावाला माहीत होतं. एग्बर्टचे कान गेले होते. समोर बसून सावकाश बोललं तर त्याला निम्मं कळायचं, बाकीचं तो अंदाजाने जुळवायचा. पण कबूल करेल तर शपथ. मी ओरडून बोलले तर मलाच म्हणायचा, "ओरडतेस कशाला, बहिरा आहे का मी?"

कॉफी झाली. तो तिला माद्यांकडे घेऊन गेला. मलाही चल म्हणाला. एकट्याला धीर होत नव्हता त्याला, मला कळलं ते. काचेच्या घरात त्याने आधी पंखे बंद केले. एरवी तो ते कधी बंद करत नाही.

"ही आई," तो कोपऱ्यातल्या बुटक्या झाडाकडे बोट करून म्हणाला. "फांदी तोडून लावायची, तिची पुन्हा फांदी. अशी तीच एक जिवंत ठेवली आहे इतकी वर्षं. आणि ह्या तिच्या मुली. सगळ्या एका आईच्या, एका बापाच्या."

"सारख्या नाहीत पण."

"नसतातच. सख्ख्या बहिणी तरी कुठे सारख्या असतात? निम्मं आईचं, निम्मं बापाचं, पण कुठलं निम्मं ते प्रत्येकीचं वेगळं. ही बघ, उंच झाली. ही आईवर गेली. आणि हिचं पान चुरडून वास घे."

तिने वास घेतला. "लिंबाची साल!"

"आईला तो वास नाही. पुढे जाऊन हुंग हवं तर."

"मग बापाचा असणार."

"बापालाही नव्हता. नराला सांगण्यासारखं काही नसतंच, रुलीन. तो उभा राहतो, धूळ उडवतो, संपला. त्याच्यात काय होतं ते त्याच्याकडे बघून नाही कळत. मुली वाढवायच्या, पुष्कळ वाढवायच्या, आणि त्यांच्यात बघायचं."

एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिचं नाव तर तो इतक्या हळुवारपणे घेत होता की मलाच कसंसं झालं.

"कुठे आहे तो आता?" तिने विचारलं. "हिचा बाप?"

"खताच्या ढिगावर. पराग काढून घेतला की उपटतात. सगळेच तसं करतात, जागा कुठे असते? चांगला होता हे कळायला मुली फुलाव्या लागतात. तोवर तो उरलेला नसतो."

ती हसली. गोड हसू नव्हतं ते. "बापांच्या सोयीचं आहे हं सगळं!"

हे त्याला बरोबर कळलं. "सोयीचं नाही," तो म्हणाला. बस्स, एवढंच. आणि पंखे लावायला गेला.

आम्ही स्वयंपाकघरात परत आलो. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याला झाकण लावतात. मी डबा उघडा ठेवला, म्हटलं पोटात बाळ आहे, खाऊ दे. तिने हात लावला नाही.

"मी कशाला आले ते सांगते," ती म्हणाली. "सुईणबाईंनी विचारलं होतं, घराण्यात कुणाला काही आहे का. आईकडचं सगळं सांगितलं. तुमच्याकडचं निम्मं कोरं. आई सांगत नाही. कधीपासून यायचं होतं, धीर होत नव्हता. तुम्ही सांगा आणि मी जाते. दुसरं काही मनात धरून मी आलेली नाही, उगाच गैरसमज नको."

तुम्ही! आमच्याकडे लेकरं बापाला तू म्हणतात. तुम्ही म्हणायचं ते पाद्रीबाबाला.

मी टेबलाखालून एग्बर्टच्या नडगीवर लाथ घातली. अरे बाबा, माझं म्हणणं होतं, तिला हवी असलेली एकच वस्तू तुझ्यापाशी आहे. आठवून सांगतो म्हण. बहिणीला विचारतो म्हण. पुढच्या आठवड्यात ये म्हण! असा योग पुन्हा येणार आहे का? त्याने पाय बाजूला घेतला आणि सांगायला लागला. सगळं. काही म्हणजे काही राखलं नाही.

"कान," तो म्हणाला. "माझ्या बापाचे गेले, आजोबांचे गेले. चाळिशी उलटली की सुरू होतं, हळूहळू. मुलगा-मुलगी असा भेद नाही त्यात. माझ्या आत्याचेही गेले. माझ्या एका भावाचे शेवटपर्यंत शाबूत राहिले. नाणं उडवल्यासारखं आहे, निम्मं निम्मं. हृदय चांगलं, साखर नाही, दात वाईट."

"म्हणजे मलाही होऊ शकतं." तिचा हात पोटावर गेला. "आणि ह्यालाही."

"तुला नसेल तर बाळाला नाही. तुला आहे की नाही ते आज नाही सांगता येणार."

मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "आणि तुमचे?"

घड्याळ टिकटिकत होतं. ते मला ऐकू येत होतं, त्याला नाही.

"माझे ठीक आहेत," एग्बर्ट म्हणाला. "जरासं कमी. वयाप्रमाणे."

मी तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा असा सैल झाला, खांदे असे खाली आले, की मी ते मिटलं.

"मग मी फोन करीन," ती उठत म्हणाली. "बाळ झालं की. कळवायला हवं एवढं."

"कर," तो म्हणाला.

दारात तो आता स्वच्छ होता. शर्ट स्वच्छ, हात स्वच्छ, आणि ते हात त्याने जरा पुढेही केले होते. तिने कोटाच्या खिशात हात घातले, मान हलवली आणि बसच्या थांब्याकडे निघाली. मघाचं ‘हात नको’ तिच्या मनात राहिलं असणार. सवयीने माणूस कशाला मुकतो बघा.

"लबाड!" ती वळणाआड गेल्यावर मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून म्हटलं. "जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगितलंस आणि जे सांगायचं होतं..."

"ती घाबरली असती."

"घाबरू दे! खरं आहे ते!"

"आठवा महिना आहे तिला, आल्टये. आता नको." आणि तो नरांच्या कोठीकडे गेला, तोच इस्त्रीचा शर्ट घालून.

मग वाट बघणं सुरू झालं. तो बोलायचा नाही, पण मला दिसायचं. फोन मधल्या बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली. माझी दुपार संपली की मी घरी जायचे. पुढे रात्रभर तो आणि तो फोन. दर सोमवारी मी विचारायचे, "आला का?" तो मान हलवायचा. एकदा म्हणाला, "तिला हवं होतं ते मिळालं. आता कशाला करील?" तेव्हा मला रडू आलं. विल्मालाही मी त्या दिवशी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

जूनमध्ये एका दुपारी मी लवकर आले. मागचं दार उघडलं तर फोन खणखणत होता. एग्बर्ट बोळातच, फोनपासून हातभर अंतरावर, खाली बसून बुटांना तेल लावत होता. फोन वाजतोय आणि हा शांतपणे टाचेला तेल चोळतोय.

मी धावत जाऊन उचलला.

"अखेर उचलला कुणीतरी! मी रुलीन," पलीकडून आवाज आला. मागे तान्हं बाळ टाहो फोडत होतं. "किती दिवस करतेय मी. मला वाटलं, त्यांना बोलायचंच नाही. आहेत का?"

मी एग्बर्टचा खांदा हलवला आणि ओठांनी सांगितलं, रुलीन. तो उठला. हात पँटला पुसले, रिसीव्हर घेतला आणि मला हाताने दूर केलं. मी स्वयंपाकघरात गेले. ऐकत होते, का खोटं बोलू?

"हो," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "हो." मग, "वा." मग नुसतंच ऐकणं. मधे एकदा हसला. "हो, हो. तू म्हणशील तसं." असं कितीतरी वेळ चाललं होतं. कॉफी उकळून गेली.

तो आत आला आणि बसला.

"काय झालं? मुलगा की मुलगी? नाव काय ठेवलं?"

त्याने टेबलावरच्या बियांत बोट फिरवलं. "खूप वेळ बोलली," तो म्हणाला.

"अरे पण काय बोलली?"

"नाही कळलं."

"एक शब्द नाही?"

"नाही. गुणगुण येत होती नुसती." तो हसत होता, देवाशप्पथ, डोळे भरलेले आणि हसत होता. "पण चिडलेली नव्हती."

मी उठले. "नंबर शोधून काढू. टेलिफोनच्या चौकशीला विचारू. मी बोलते तिच्याशी."

"नाही," तो म्हणाला. "मग तिला कळेल. माझं काय झालंय ते बघेल आणि रात्र-रात्र स्वतःचे कान तपासत बसेल. तिचं बाळ तिला ऐकू दे निवांत."

मी भांडले. खूप भांडले. तो ऐकत नव्हता, आणि या खेपेला कानांचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी गेले तर टेबलावर बशा मांडलेल्या. बाळ झालं की आमच्याकडे कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या साखरगोळ्या घालतात. मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळ्या. शेजाऱ्यांना द्यायचं असतं ते. एग्बर्टने दोन्ही पुडे आणले होते. प्रत्येक टोस्टच्या मधोमध सुरीने रेघ ओढली होती, आणि एका बाजूला गुलाबी, एका बाजूला निळ्या गोळ्या घातल्या होत्या.

"बस, आल्टये," तो म्हणाला. "माझं अभिनंदन कर."