घाटातली चिठ्ठी

माझं तोंड लई वाईट, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय. मला त्याची लाज न्हाई. मालक गेले, पोटी मूलबाळ न्हाई, तवा मी माहेरी आले आन धाकट्या भावाच्या, गोकुळच्या घरात राह्यले. हे तोंड नसतं तर लोकांनी मला कवाच चुलीमागं बसवली असती. पण ह्याच तोंडापायी यंदाच्या यात्रंला भाऊ हातचा जायची पाळी आली. ते मीच सांगायला पायजे, दुसरं कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगंल.

गोकुळ प्यायचा. सात वर्सं प्यायला. टमाट्याचं रान चांगलं, विहिरीला पाणी, बायको मोहिनी कामाला वाघीण, पोरगी आरती शाळेत हुशार. कशाची म्हणून कमी न्हवती. मंग प्यायचा का? कारणाबिगर माणूस बिघडंल कसं? मला कारण पायजे व्हतं, आन घरात दुसरी बाई एकच व्हती. "बायकूच तसली, नवऱ्याशी दोन शब्द गोड बोलत न्हाई," असं मी गिरणीत सांगितलं, किराणाच्या दुकानात सांगितलं, भजनाला सांगितलं. आता ती गोड काय बोलंल, डोंबल? नवरा झिंगलेला आन वर पोरीची शपथ घेऊन म्हणणार, "आज शिवली सुदीक न्हाई." शेवटी ती आरतीला घेऊन डिंगोऱ्याला भावाकडं निघून गेली. जाताना सगळ्यांच्या देखत म्हणाली, "एक वर्स बिनदारूचं काढू द्या त्यांना. मंग नांदायला येते."

ती गेल्यावर तर गोकुळनं ताळतंत्र सोडलं. गेल्या वर्सी यात्रंत बैलगाड्यांच्या शर्यती चालू व्हत्या. आमच्याकडं शर्यतीच्या चढाला घाट म्हणत्यात. त्या घाटात, गाडा सुटायच्या वक्ताला, हा मधोमध जाऊन आडवा झोपला. चार माणसांनी उचलून बाहेर टाकला. "मला कशाला काढलं," एवढंच म्हणत व्हता. मला वाटलं, दारू बोलती. घरोघरी औषधपाण्याची चौकशी करत फिरणाऱ्या आमच्या गावच्या आशाताईला तसं वाटलं न्हाई. तिनं चार दिवसांत नारायणगावच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या तेजस्विनी मॅडमला घरी आणलं.

ही मॅडम म्हंजे माझ्या निम्म्या वयाची पोरगी, पाठीला सॅक. मी म्हणलं, ही काय दिवे लावणार? तिनं गोकुळला दारूबद्दल एक शब्द विचारला न्हाई. म्हणाली, "झोप लागते का? सकाळी उठावंसं वाटतं का?" आन माझा भाऊ, जो बापाच्या तेराव्याला रडला न्हवता, तो ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, लई वर्सं झाली, सकाळ झाली की छातीवर कुणीतरी बसल्यावाणी वाटतं. मॅडम मला म्हणाली, "मावशी, मनाचा आजार आहे हा, आणि दारूचाही. दोन्हीवर एकदम औषध करायचं. कारण कोण, ते शोधत बसू नका." मला ते पटलं न्हाई, पण मी गप बसले. मला गप बसवणारी ती पहिलीच.

तीन आठवडे त्याला दवाखान्यात ठेवला. मंग गोळ्या, आन दर रविवारी दुपारी केंद्रात बैठक. केंद्र म्हंजे बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या. पंधरा-वीस गडी गोल बसायचे आन आपापलं सांगायचे. डोंगराकडनं, आंबेगावच्या पार पश्चिमेकडनं, गेणभाऊ म्हणून एक म्हातारा दोन एस्टी बदलून यायचा. नऊ वर्सं झाली व्हती त्याला सोडून, तरी यायचा. मी म्हणलं, रिकामटेकडे कुठले! पण गोकुळ जेवायला लागला. रातचा झोपायला लागला. पहाटं उठून टमाट्याला सुतळ्या बांधताना गुणगुणायचा, तवा मी चुलीपाशी पदर डोळ्याला लावायची.

यंदाची यात्रा आली तवा वर्स पुरं व्हायला पंधरा दिवस बाकी व्हते. पंधराच! मोहिनीनं आरतीला शर्यती बघायला पाठवलं, ते बघून तर माझं काळीज सुपाएवढं झालं. बापलेक घाटाच्या कडंला उभं. आरती नववीत, बापाच्या खांद्याला लागलेली. दोघं एकाच कागदातनं भेळ खात व्हती.

आता घाटात काय आसतं, निवेदक माईकवर चढलेला आसतो. कुणाला लेक झाली, कुणाचा पोरगा पोलिसात लागला, कुणी ट्रॅक्टर घेतला की चिठ्ठी लिहून द्यायची, संगती घाटाला देणगी द्यायची, आन तो तुमचं नाव डोंगराला ऐकू जाईल आसं पुकारतो. त्यात आमच्या लोकांना लई भूषण. मला वाटलं, लोकांच्या लेकरांनी नोकऱ्या मिळवल्या, माझ्या भावानं जीव मिळवलाय. त्याचं नाव का नको? मी शेजारच्या पोरीकडनं चिठ्ठी लिहून घेतली, 'गोकुळने दारू सोडल्याबद्दल त्याची बहीण लंकाबाई हिच्याकडून घाटाला देणगी,' आन निवेदकाच्या हातात नेऊन दिली.

निवेदक सुदर्शन म्हणून व्हता. त्यानं चिठ्ठी वाचली आन मेल्याला चेव आला. "ऐका मंडळी, ऐका! आपले गोकुळभाऊ! वळखलं का? आवो गेल्या यात्रंला ह्याच घाटात गाड्याच्या आडवं झोपलं व्हतं त्येच! बैल बिचारे थांबून इचारत व्हते, पावणं, उठताय का वरनं जाऊ? तर त्या गोकुळभाऊंनी दारू सोडलीया! दुकानदार रडतुया! टाळ्या होऊ द्या!"

सगळा घाट हसला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "आज यात्रा हाय राव, आज तरी घ्या!" मी वळून बघितलं. आरतीनं ओढणी तोंडावर घेतली व्हती. गोकुळच्या हातातला भेळंचा कागद खाली पडला व्हता. तो माझ्याकडं बघत व्हता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात माईकवर "भिर्रर्र" झालं, पुढच्या बारीचे बैल सुटले, माणसं मधी आली, आन परत बघते तर दोघं न्हाईत.

फोन बंद. वस्तीवर न्हाई. तासाभरानं जीपवाला म्हणाला, पोरीला गोकुळनं डिंगोऱ्याच्या गाडीत बसवून दिली आन एकलाच चालत गेला. कुठं? हायवेकडं. हायवेला दारूचं दुकान हाय, ते मला म्हाईत न्हाई व्हय? मी पायात चप्पल न्हाई, पदर खांद्यावर न्हाई, तशी दुकानापुढं गेले. आतला माणूस म्हणाला, "येऊन गेला, आक्का. एक क्वार्टर घेऊन गेला."

मी तिथंच रस्त्याच्या कडंला बसले. देवा, माझी जीभ झडली का न्हाई, म्हणलं. मोहिनीवर बोट ठेवून मी सात वर्सं कारण सांगत फिरले, आन आज मीच उठून कारण झाले. मंग वाटलं, हा विहिरीकडं तर गेला नसंल? उठले, विहीर बघितली, रान बघितलं. मंग ध्यानात आलं, आज रविवार हाय. जी जीप दिसली तिच्यात शिरले आन नारायणगाव गाठलं.

केंद्राचा जिना चढले तर वर गडी गोल बसलेले, आन मधी खुर्चीवर माझा भाऊ. डोळे लाल, वास येत व्हता. मॅडमनं त्याचं बीपी बघितलं व्हतं, पाणी दिलं व्हतं. गेणभाऊ त्याच्या शेजारी बसला व्हता, त्याच्या पाठीवर हात ठेवून.

"निम्मी घेतली आक्का," गोकुळ म्हणाला. "निम्मी ओतून दिली. मंग इकडं आलो."

मला रागानं काय करू आन काय नको झालं. पण राग त्याच्यावर न्हवता. मी मॅडमचे हात धरले. "मॅडम, हे इथंच मिटवा. चार घोट घेतलेत त्यानं, ते बी माझ्या मूर्खपणापायी. पंधरा दिवस राह्यलेत. मोहिनीला कळलं तर ती यायची न्हाई. कुणी सांगू नका. बाबांनो, तुमच्या पाया पडते, कुणी सांगू नका!"

मॅडम म्हणाली, "आम्ही कुणालाच काही सांगत नाही, मावशी. सांगायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील."

"तो काय ठरवतोय? गोकुळ, ऐक माझं. डोकं दुखत व्हतं, उन्हानं चक्कर आली, आसं म्हण. वर्स झाल्यावर ती घरी आली की सावकाश सांग. न्हाईतर सांगूच नको."

गोकुळ म्हणाला, "आसंच करत आलो ना आक्का मी सात वर्सं." आन त्यानं फोन चालू केला.

मी हात पुढं केला फोन हिसकवायला. गेणभाऊ पहिल्यांदा बोलला. "बाई," म्हणाला, "त्याला करू द्या."

"मोहिनी, मी बोलतोय," गोकुळ म्हणाला. "मी आज घेतली. घाटात लोक हसले, आरतीला लाज वाटली, पण घेतली मीच. आता केंद्रात हाय. तुला दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आधी सांगतो." पलीकडनं काय आवाज न्हाई. मंग फोन कट झाला.

"झालं," मी म्हणलं. "घातलास संसार मातीत." मी भिंतीला टेकून बसले आन रडले. कुणी मला गप बस म्हणालं न्हाई. एका गड्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बैठक पुढं चालू झाली. घेतलेल्या माणसानं त्या दिवशी बोलायचं नसतं, नुसतं ऐकायचं, आसा त्यांचा नेम. गोकुळ ऐकत बसला. मी बी आयुष्यात पहिल्यांदा दीड तास दुसऱ्याचं ऐकलं. एकजण सांगत व्हता, तिसऱ्यांदा पडलो आन चौथ्यांदा उठलोय, आज बारावा दिवस. त्याला सगळ्यांनी टाळ्या दिल्या, बारा दिवसाला! त्या टाळ्यांत कुणी हसत न्हवतं.

बैठक सुटली. गडी चपला शोधत व्हते तेवढ्यात जिन्यात पाय वाजले. दारात मोहिनी उभी. डिंगोऱ्यावरनं ओतूर, ओतूरवरनं आळेफाटा, तिथनं नारायणगाव, तीन गाड्या बदलून आली व्हती. केस विस्कटलेले, घामानं डबडबलेली.

आधी मीच उठले. म्हणलं, सगळ्यांच्या देखत बदनाम केली, तर माफी बी सगळ्यांच्या देखत. "मोहिनी, तुझ्यापायी हा पितो आसं मी गावभर सांगितलं. खोटं सांगितलं. तुझा काय बी दोष न्हवता. आजची चिठ्ठी बी मीच दिली."

"ठाऊक हाय मला, वन्सं," ती म्हणाली. "सगळं कानावर येत व्हतं." माफ केलं आसं म्हणाली न्हाई. का म्हणावं तिनं?

मंग ती गोकुळपाशी गेली, शेजारची खुर्ची वढून बसली. तो मान वर करंना. "पंधरा दिवस राह्यले व्हते गं," म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "पण आज पहिल्यांदा मी इचारायच्या आधी सांगितलं तुमी." आन तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली. हात न्हाई धरला, बाही धरली, आन तशीच बसून राह्यली. मॅडम खिडकीकडं तोंड करून उभी राह्यली. मला वाटलं आता दोघं मिळून घरी येतील. मी मनात चूल पेटवून पिठलं बी टाकलं.

पण तसं झालं न्हाई. दिवस मावळायला आला तशी मोहिनी उठली, "आरती वाट बघत आसंल," म्हणाली. आमी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. जीप भरत आली व्हती, डायवर हाका मारत व्हता. मला राहवलं न्हाई, मी विचारलंच, "मंग वर्स आता पयल्यापासून मोजायचं का, मोहिनी?"

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. एक पाय जीपात ठेवून गोकुळला म्हणाली, "उद्या सांजंला फोन करा. न्हाई घेतली तरी करा. घेतली आसंल तरी करा."