तुळशीखालचा डाग

"आजी, बाही वर घ्या."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं, तरी वच्छलाबाईंची बोटं बाहीवरून सुटेनात. लासूर स्टेशन गावात सरपंचालाही उंबऱ्याबाहेर उभं करणारी ही बाई. पण त्या बाहीखाली पंचावन्न वर्षांचं झाकलेलं होतं. कोपराजवळ गोंदलेली तुळस आणि तिच्याखाली कोड. लग्न ठरायच्या आधी आईनं गोंदणारीला बोलावून रुपयाएवढा डाग झाकून घेतला होता. पुढं डाग पसरला, तशी बाही लांबत गेली.

नातीला, राजनंदिनीला, हे गेल्याच महिन्यात कळलं. ती इथंच, शहरातल्या या इस्पितळात, कातडीवर संशोधन करते. कोड असलेलं कुणीच कातडीचा नमुना द्यायला येईना, म्हणून घरी डोळे पुसत बसली होती.

"रडतीस कशाला?" आजी म्हणाली होती. "घरात हाय की माणूस."

शेवटी बाही वर गेली. हात बधिर केला. डाळीच्या दाण्याएवढे दोन तुकडे निघाले. एक पांढऱ्या कातडीचा, एक शेजारच्या सावळ्या कातडीचा.

"एवढंच? मला वाटलं, वावर नांगरताय."

मग राजनंदिनीनं संगणकावर लाल-निळे चौकोन दाखवले.

"ही वाकळ कुणाची गं?"

"ही निरोगी कातडी, आजी. एकेक उभी पट्टी म्हणजे एकेका जातीची पेशी. वरचा थर रचणारी, रंग करणारी, खालची वीण धरणारी. सगळ्यांच्या पोटात जनुकं तीच. जागी असतील ती लाल, निजलेली निळी."

"म्हंजे मसाल्याचा डबा घरोघर तोच, पर हळदीची वाटी एकीनंच उघडायची?"

राजनंदिनी बघतच राहिली. "व्हय. अन् तुझ्या डागात ती हळदवालीच उरली नाही. का, ते तिच्या शेजारणींना विचारायचंय."

"मग ही तुळस कशी ऱ्हायली?"

"शाई खोल असते. तिथल्या पेशी ती पोटात धरून बसतात. एक मेली की दुसरी उचलून घेते."

"पंचावन्न वर्षं?"

"पंचावन्न वर्षं."

वच्छलाबाई हिरव्या रेघांकडे बघत राहिल्या. आईला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिनं घाबरून ठेवलेलं झाकण आत कुणीतरी हातोहात सांभाळत होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

"कुणी सांगितलं गं त्यांना?" त्या हळूच म्हणाल्या. नातीनं जखमेवरची पट्टी नीट चिकटवली.

बसस्टँडच्या बाकावर गावच्या लीलाबाई भेटल्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची लेक वच्छलाबाईंच्या धाकट्या मुलासाठी, सुदर्शनसाठी, सांगून आली होती. तिच्या मानेवरचा पांढरा डाग बघून वच्छलाबाईंनी चहाचा कपही न उचलता म्हटलं होतं, "आमच्या घरात असलं चालत नाय."

लीलाबाईंनी बाहीखालून डोकावणारी पट्टी पाहिली. "लागलं का काय, वच्छलाबाई?"

"लागलं नाय. दिलंय."

त्यांनी बाही खांद्यापर्यंत सारली. भर उन्हात पांढरा हात लीलाबाईंसमोर धरला.

"बघा. पैल्यापासनं हाय." मग जरा थांबून, "पोरगी कशी हाय तुमची?"

लीलाबाईंनी त्या हातावरून नजर काढली नाही.

लासूरची गाडी लागली. वच्छलाबाईंनी बाही खाली न करताच दाराची दांडी धरली.