त्रिकोणी चिठ्ठी

घर पाहावं बांधून, असं जो कोणी म्हणून गेला तो नक्की स्वतःच्या घरात बसून बोलला असणार. आधार सुरवाडेला बांधून पाहायची फार हौस होती, पण बांधायचं कुठे? जळगावात मेहरूणला धापूबाईंच्या दोन खोल्यांत तो अकरा वर्षं भाड्यानं राहत होता. म्हातारी भली होती. तिच्या थोरल्या मुलाला मात्र शहरातल्या जागेचे भाव कुठे चाललेत ते बरोबर कळत होतं. त्यानं दोन वर्षांत भाडं एकशेदहावरून तीनशेवर नेलं, आणि खोल्या पाडून दुकानं काढायची आहेत, सोय बघा, असा निरोप आईच्या तोंडून दिला. निरोप सांगताना धापूबाईच रडल्या. आधारची बायको नर्मदा त्यांना पाणी देऊन समजावत बसली.

बाहेर खोली शोधायला जावं तर घरमालक आधी अनामत विचारत आणि मग आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असे. एवढ्या खोल्या रोज कालच कशा जातात, असं आधार हसत हसत कचेरीत सांगायचा. हसण्याशिवाय दुसरं करणार काय?

कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलाला चुडामण पाटील बसायचा. हा पाचोऱ्याकडचा, वयानं चार वर्षांनी मोठा, बोलायला गोड. दोघं सरकारी कारकून. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं होतं. नर्मदाच्या हातच्या ठेच्यासाठी चुडामण स्वतःची शेवभाजी पुढे सरकवायचा. माणसाची जात डब्यात कळते, असं आधारचे वडील म्हणायचे. म्हणून आधारला वाटायचं की चुडामणला जात नाहीच.

सोसायटीची कल्पना चुडामणचीच. पंचवीस जणांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढायची आणि सरकारकडून स्वस्तात जमीन घ्यायची. त्याला नियम असा, की शंभरातले वीस सभासद मागासवर्गीय हवेत. म्हणजे पंचवीसांत पाच. चुडामणनं हे लपवलं नाही, उलट स्वतःच सांगितलं. वर म्हणाला, नियम नसता तरी तुला घेतलंच असतं. अगदी आतलं बोलायचं झालं की तो घरच्या बोलीवर यायचा. म्हणाला, "आधार, तू मना भाऊ शे. आपन बठ्ठा एकच शेतस." आपण सगळे एकच, हे आधारला मनापासून पटलं.

आधारनं आणखी चार घरं जमवली. वरणगावच्या कारखान्यातला भिकन तायडे, दोन शिक्षक आणि एक नर्स. चौघंही सोसायटीला ओळखत नव्हते, आधारला ओळखत होते. नर्मदानं पाटल्या मोडल्या, भिकननं सोसायटीचे पैसे भरण्यासाठी कारखान्याच्या पतसोसायटीचं कर्ज काढलं. पुढची दोन वर्षं कलेक्टर कचेरीत फाइल अडली, की चुडामण आधारलाच पुढे करायचा. साहेब, हे आमचे मागासवर्गीय सभासद, यांना राहायला घर नाही. आधार मान खाली घालून उभा राहायचा. थोडं लागायचं, पण घरासाठी माणूस काय काय गिळतो! शेवटी जमीन मिळाली.

मिळाली त्या रविवारी सगळे बघायला गेले. नकाशात प्लॉट एक ते पंचवीस. शेवटची ओळ, एकवीस ते पंचवीस, नाल्याच्या काठाला होती आणि तिथली माती पायाखाली भुसभुशीत लागत होती. ज्याला ही ओळ येईल त्यानं घराबरोबर होडीही घ्यावी, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. आधारही हसला. त्याचं लक्ष सात नंबरवर होतं. तिथे एक निंब होता. चुडामणनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला की शेजारी शेजारी आलो, तर मधल्या भिंतीत फाटक ठेवू. नर्मदाला हे फाटक इतकं आवडलं, की तिनं ते किती रुंद हवं हेसुद्धा ठरवून टाकलं.

सोडत जानेवारीत झाली, एका शाळेच्या हॉलमध्ये. चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढायच्या, म्हणजे कोणाला शंका नको. चुडामण म्हणाला, आपली यशूच काढेल. यशोधरा तेव्हा आठ वर्षांची. नर्मदानं तिला परकर-पोलकं घातलं, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधल्या. आपली लेक पंचवीस घरांचं नशीब काढणार, या आनंदात आधार सकाळी सातलाच हॉलवर जाऊन सतरंज्या घालू लागला. त्यानं खुर्च्या मांडल्या, माठ भरला. चुडामण व्यासपीठावर यशूला डबा कसा धरायचा ते शिकवत होता.

नाव पुकारलं जाई, यशू डब्यात हात घाली आणि चिठ्ठी चुडामणच्या हातात देई. तो नंबर वाचे. चुडामणला सहा आला. सात कुणा जोशी मास्तरांना गेला. मग भिकनचं नाव आलं, पंचवीस. नर्सबाईंना एकवीस. आधार सुरवाडे, तेवीस. उरलेल्या दोन शिक्षकांना बावीस आणि चोवीस.

पाच नावं आणि पाचही नाल्यावर. कोणीतरी म्हणालं, नशीब. आधारच्या मनात आलं की नशीबही जातीचा दाखला बघून येतं की काय. पण डब्यात हात स्वतःच्या पोरीचा होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. शंका घ्यायची तरी कोणावर?

नंतर मळ्यात भरीत-पुरी होती. आधारनं दोन घास खाल्ले आणि यशूला सायकलच्या दांडीवर बसवून तो निघाला. मेहरूणच्या तलावाशी आल्यावर पोरीनं मान वळवली.

"बाबा, रागावणार नाही ना? मी थोडी लबाडी केली."

"कसली गं?"

"डब्यात पाच चिठ्ठ्या त्रिकोणी होत्या, बाकीच्या चौकोनी. चुडामणकाका म्हणाले, त्रिकोणीमध्ये सगळ्यात चांगले प्लॉट आहेत. तुमचं, भिकनकाकांचं, आपल्या पाचांतलं कोणाचंही नाव आलं, की बोटांनी चाचपून त्रिकोणीच काढायची, बाकीच्यांना चौकोनी. आणि बाबांना सांगायचं नाही, गंमत आहे." ती हसली. "चांगला निघाला ना आपला?"

आधारनं ब्रेक दाबला. सायकल थांबली, पाय जमिनीला टेकले, आणि त्याला वाटलं की आपण आता इथेच ओरडणार. केसानं गळा कापतात ते त्यानं ऐकलं होतं. पण हा केस त्याच्या पोरीच्या वेणीतला होता. समोर दोन लाल रिबिनी आणि उत्तराची वाट बघणारं तोंड.

"चांगला निघाला," तो म्हणाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत चुडामणनं रोजच्यासारखा डबा उघडला. आधारनं आपला उघडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की माझीच पोर कशाला? चुडामण भाकरी कुसकरू लागला. मग म्हणाला की लोक ऐकत नव्हते, तुमचा शेजार नको म्हणून अडून बसले होते, सोसायटी मोडली असती तर तुलाही जागा मिळाली नसती. मी तरी काय करणार? आणि तिच्या हातून निघाली म्हणजे तुमच्यापैकी कोणी बोट दाखवणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं.

"मी फेरसोडत मागेन. वर तक्रार करेन."

"कर. तुझा हक्क आहे." चुडामणचा आवाज अजूनही गोडच होता. "फक्त चौकशीत पोरीला उभं करतील. चिठ्ठ्या तिनं ओळखून काढल्या, हे तिलाच सांगावं लागेल. तुझ्या त्या चौघांसमोर. बघ बुवा, विचार कर."

आधारनं विचार केला, तीन दिवस. तक्रार करावी तर पोर सभेत लबाड ठरणार. न करावी तर पाच घरं नाल्यात. त्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत खोल्या सोडायच्या होत्या आणि धापूबाईंचा मुलगा गवंड्यांना घेऊन खोल्या मोजून गेलेला. नर्मदालाही त्यानं सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती पदर खोचून थेट चुडामणच्या दारात उभी राहिली असती. चौथ्या दिवशी भिकन भेटला. नशिबाला नाव ठेवून काय उपयोग, आधारभाऊ, तुमच्या शब्दावर जागा तर मिळाली, असं म्हणून त्यानं हात जोडले. आधारला ते जोडलेले हात शिवीसारखे लागले. तरी तो गप्प राहिला. त्या दिवसापासून त्यानं डबा मात्र एकट्यानं खाल्ला.

घर झालं. जोतं दोन फूट उंच घेतलं, त्यात एका खोलीचा पैसा गेला. वास्तूला आलेल्या प्रत्येकाला यशू सांगायची, हा प्लॉट मी काढला. भिकनकाकांचापण मीच. लोक तिची पाठ थोपटायचे आणि आधार दुसरीकडे बघायचा.

सोडतीला आठ वर्षं झाली. भाद्रपदात एकदा नाला फुगला आणि दोन फुटांचं जोतं ओलांडून पाणी घरात आलं. दुपारी ओसरल्यावर यशू पत्र्याच्या ट्रंकेतले कागद ओट्यावर वाळत घालत होती. आता ती अकरावीला होती. सोसायटीचा जुना निळा नकाशा तिनं उलगडला, चार दगड ठेवले आणि वाकून बघत राहिली.

"बाबा, नाल्याची ओळ एकवीस ते पंचवीस आहे."

"हो."

"त्रिकोणी चिठ्ठ्यांत हेच नंबर होते. मला आठवतात."

आधार चिखल ओढत होता. नशीब असतं एकेकाचं, असं तो पुटपुटला. तिनं ते ऐकलंच नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आठ वर्षांची सवय होती.

"त्याच दिवशी. सायकलवर."

ती उठून उभी राहिली. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही.

"चुडामणकाकांनी मला एकदाच फसवलं, बाबा. मी भिकनकाकांना दर दिवाळीला सांगत आले, तुमचा प्लॉट मी काढला म्हणून. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"तुझ्यासाठीच गप्प राहिलो गं."

"मला विचारलं होतं?"

तिनं नकाशा उचलला आणि पायऱ्या उतरली. भिकनच्या अंगणात गुडघाभर गाळ होता; आता म्हातारा झालेला भिकन त्यातून भांडी वेचत होता. यशू तिकडेच निघाली होती. नर्मदानं आतून विचारलं, की पोर कुठे चालली. आधारनं ओट्याखाली चपला शोधल्या. एकच सापडली. ती तिथेच टाकून तो अनवाणी चिखलात उतरला आणि लेकीच्या मागे भिकनच्या अंगणाकडे चालू लागला.