निळ्या खारीच्या तळपायाचा टाका

वरवंडच्या सायमाला क्रोशाची सुई कशी धरायची ते खुटबावच्या प्रांजलनं शिकवलं होतं, आणि समोरच्याला पाच मिनिटांच्या आत हे सांगितल्याशिवाय प्रांजलला चैन पडत नसे. बचत गटाच्या शिबिरात दोघींची गट्टी जमली होती. प्रांजल तोरणं, रुमाल, बाळमोजे विणायची. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक मोज्याच्या तळव्याला एक काळा टाका घालायची तिची रीत. काम नीटस, पण घेणारे नात्यातलेच. सायमानं मात्र मोबाइलच्या एका गेममधली निळी खार विणली. एक कान तुटका, पाठीवर ढाल. शिक्रापुरात खोल्या करून राहणारी कारखान्यातली पोरं त्या गेमची वेडी. कुणी बॅगेला लावली, कुणी गाडीच्या किल्लीला, आणि सायमाच्या पेजवर ऑर्डरींची रांग लागली.

प्रांजलच्या पोटात दुखायला लागलं. उगाच आडपडदा कशाला, जळफळाटच तो. सायमानं "तुझ्यामुळं शिकले गं" म्हटलं की हिला टोचायचं, आणि तसं म्हटलं नाही तर त्याहून जास्त टोचायचं. तिनं गुपचूप एक खार विणून पाहिली. कान जमला, ढाल जमली, चेहऱ्यावरचा मिश्कीलपणा काही जमेना. रागारागानं तिनं ती उसवून टाकली.

मग एका व्हिडिओत तिला हवं ते सापडलं. गेममधलं पात्र कंपनीच्या मालकीचं असतं. हातानं विणलेलं असलं तरी परवानगीशिवाय विकलं तर तो कॉपीराइटचा भंग. प्रांजलला एकदम कायद्याची फार काळजी वाटू लागली. सायमाला फोन करून हे सांगता आलं असतं. तिनं कंपनीच्या साइटवर तक्रारीचा अर्ज उघडला.

अर्जात वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो मागितले होते आणि पेजवरचे फोटो नुसते समोरून काढलेले. पण घरात एक खार होतीच. प्रांजलच्या समृद्धीला पाचव्या वाढदिवसाला सायमामावशीनं दिलेली. लेक शाळेत गेल्यावर प्रांजलनं ती खार ओट्यावर ठेवली, उताणी केली, पालथी केली आणि फोटो धाडून दिले. नाव गुप्त राहील असं अर्जात लिहिलेलंच होतं.

तीन आठवड्यांनी सायमाचं पेज बंद पडलं. त्या दिवशी प्रांजलनं शिरा केला, आणि तो कशासाठी हे नवऱ्याला सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सायमा दारात येऊन उभी. प्रांजलनं चहा टाकला.

"कंपनीचं पत्र आलं," सायमा म्हणाली. "ऱ्हायलेल्या समद्या खारी उसवा आन् फोटो पाठवा म्हंत्यात."

"अरेरे. कुणी केलं आसंल गं?"

"त्यांचं बरोबर हाय. खार त्यांची, म्या कवा इचारलंच न्हाई. कुणी नुसतं सांगितलं आसतं, तरी तवाच बंद केलं आसतं." सायमानं मोबाइल पुढं केला. "पत्राला पुरावा जोडलाय. बघ."

फोटोत खारीचा तळपाय होता. तळपायाला एक बारीक काळा टाका. असले टाके घालण्यात प्रांजलची वर्षं गेली होती, म्हणून तर फोटो काढताना तो तिच्या नजरेत भरला नव्हता.

"इकायच्या खारीला ह्यो टाका म्या घालत न्हाई," सायमा सावकाश म्हणाली. "एकाच खारीला घातलाय. तू मोज्यांना घालतीस ना, तसा. तुझ्या लेकीला कुणाची नजर लागू न्हाई म्हणून."

प्रांजलनं चहाची कपबशी तिच्यापुढं सरकवली.

तेवढ्यात समृद्धी खार कवटाळून आतून आली. "मावशी, हिलापण उसवायची?"

"न्हाई बाळा. ही इकलेली न्हाई, दिलेली हाय. तुझी तुलाच." सायमानं तिच्या गालावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि चहा तसाच टाकून निघून गेली. प्रांजलकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

प्रांजलनं लेकीच्या हातातली खार घेतली आणि उलटी केली. शरमेनं तिचे कान तापले होते, डोळे भरून आले होते. आणि सांगायलाही लाज वाटावी, पण तेव्हाही तिच्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की टाका किती सफाईनं घातलाय, आपल्याला इतका बारीक कधी जमला नाही.