अंजिराची मुळं

ज्या घरात लपवण्यासारखं काही नसतं, तेच घर समाजाचा पाया असतं. हे अण्णांचं मत होतं आणि ते त्यांनी बऱ्याच सभांतून मांडलं होतं. सध्या त्या घराचा संडास तुंबला होता.

पाणी सोडलं की ते वर यायचं, जरा विचार करायचं आणि नाइलाजाने खाली उतरायचं. आज ते उतरलंच नाही.

सुनेला कारण माहीत होतं. लग्न होऊन ती आली, तेव्हाच सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ते तसलं डब्यात टाकायचं नाही हं. अण्णा बघतात."

अण्णा खरोखरच बघत. रोज सकाळी हातमोजे चढवून, पुढच्या पायरीवर बसून ते घरचा कचरा स्वतः निवडत. ओला इकडे, सुका तिकडे. गल्लीत त्याचं कौतुक होतं. न्हाणीघरात वेगळा डबा नको, हाही त्यांचाच दंडक.

"मग टाकू कुठे?" सुनेने विचारलं होतं.

"पाणी आहे ना," सासूबाई म्हणाल्या होत्या.

सुनेची नोकरी होती तोवर पर्समधून गुपचूप बाहेर नेणं जमायचं. नोकरी सुटली आणि दाराशी अण्णांचं 'पिशवीत काय गं?' सुरू झालं. पॅड पाण्यात विरत नाहीत, फुगतात, हे तिला कळत होतं. दर महिन्याला ती कडी लावून पाणी सोडायची आणि ते जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची.

आता मागच्या अंगणात संडासाच्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि मैला उपसायला आलेल्या टँकरवाल्याची नळी नुसत्याच धापा टाकत होती.

"काका, पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय. काय काय टाकता यात?"

"आमच्याकडे तसलं काही होत नाही," अण्णा म्हणाले. "अंजिराची मुळं शिरली असणार. मी कधीचा सांगतोय."

नवऱ्याने अंजिराकडे पाहिलं. झाड त्यानेच हौसेनं लावलं होतं, पण वडिलांनी गुन्हेगार ठरवल्यावर तोही मान हलवू लागला.

"मुळं असतील तर वरून नाही जमायचं," टँकरवाला म्हणाला. "उतरून कापावी लागतील."

"मग उतरा की."

त्याने शर्ट काढून झाडाला अडकवला आणि कमरेला दोरी बांधायला घेतली.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अशा टाक्यांत उतरून गुदमरलेली माणसं ती बातम्यांत वाचत आली होती. त्यांना काढायला उतरलेलीही.

सासूबाईंनी तिचा दंड धरला. "तू आत हो. मुळंच असतील."

"नाहीत. तुम्हालाही माहितेय."

"गप्प बस. निघेल संध्याकाळपर्यंत."

"आणि तो नाही निघाला तर?"

सासूबाईंची बोटं सैल झाली. सून पायऱ्या उतरली.

"दादा, उतरू नका. मुळं नाहीत ती. माझे पॅड आहेत."

नवरा पुन्हा अंजिराकडे बघू लागला.

"हे काय बोलणं झालं?" अण्णा म्हणाले. "परक्या माणसासमोर?"

"परका माणूस आत उतरायला निघालाय, अण्णा."

"अगं, मला सांगायचंस ना," नवरा पुटपुटला.

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आईला विचार."

दारातून सासूबाईंचा आवाज आला, अगदी कोरडा. "तळाला जुनं काही निघालं तर ते माझं समजा."

टँकरवाल्याने कमरेची दोरी सोडली. "कापडाचंच असेल तर कशाला उतरू? गाडीत लांब आकडा आहे."

"आणि आजपासून न्हाणीघरात झाकणाचा डबा राहील," सून म्हणाली. "तो कुणी निवडायचा नाही." अण्णांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि ते तातडीने घरात गेले.

आकडा आत गेला, अडकला, ओढला गेला. आधी पॅड आले. त्यांच्यामागून पांढऱ्या ओल्या टिश्यूंचा एक जाडजूड पिळा निघू लागला, आणि निघतच राहिला.

"ताई, तुमचं तर थोडंच होतं," टँकरवाला म्हणाला. "हे टिश्यू कोण वापरतं?"

ते घरात फक्त अण्णाच वापरत.