कांड्या भरणारी लांडगी

मी लांडगी बोलतेय. अहो, पळता कुठं? आज अष्टमी आहे. आज मला दोन पाय, दोन हात आणि तेल लावलेली वेणी आहे. पुनवेच्या रात्रीपासून तीन दिवस तेवढी मी लांडगी असते.

कोराडीच्या माळावर, बोरीच्या झुडपाखाली मी जन्मले. आमच्या कळपात पिढीतून एखादीच माझ्यासारखी निघते. चौदाव्या वर्षी एका सकाळी उठले ती मुलगी होऊनच! आईने हुंगून पाहिलं, नाक मुरडलं आणि मला गावाच्या वेशीवर आणून सोडलं. "पुनवेले परत ये," एवढंच म्हणाली.

वेशीपाशीच बायजाबाईचं घर. नवरा वारलेला, एकुलता मुलगा जागेश्वर, आणि पुढच्या खोलीत हातमाग. कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायला, तिला कुणीतरी हवंच होतं. तिने मला ठेवून घेतलं, कुसुमावती नाव दिलं. जागेश्वर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लुगड्याचा काठ विणताना तो जीभ बाहेर काढतो. आमच्यात जीभ बाहेर काढणारा भरवशाचा समजतात. तिथंच मी फसले!

पहिली पुनव जवळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. "मावशी, मले तीन दिवस..." एवढंच म्हटलं, तर बायजाबाई म्हणते, "समजलं वं. मांगच्या खोलीत बाजूले बस. लाजते काहून?" झालं! तीन दिवस तिकडे कुणी फिरकायचं नाही, मला शिवायचं नाही. गल्लीतल्या बायका या रीतीच्या नावाने बोटं मोडत, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण मी मात्र खिडकीतून माळावर पसार व्हायची. दोन वर्षं मजेत गेली.

मग वीजकेंद्राचं काम निघालं. सुरुंग, ट्रक, नुसती धूळ. कळपाने रामटेकपलीकडच्या जंगलात जायचं ठरवलं. आई म्हणाली, "येत्या पुनवेले आमच्यासंगं चाल. नाही तर तिकडंच राह्य. अर्धी पोरगी मले नको."

आईला सोडवेना आणि जागेश्वरलाही. दोन दिवस एक कांडी धड भरली नाही. शेवटी भरदुपारी मागासमोर बसून त्याला सांगून टाकलं, "मी लांडगी हाव."

त्याने धोटा थांबवला. "मायले मालूम हाय," म्हणाला. "मले बी सांगतलं तिनं."

बायजाबाई चुलीपासून उठून आली. "महिन्यातून दोन डाव बाजूले बसणारी पोरगी तूच पाह्यली मी! खिडकीले केस लागून राह्यत. हरेक पुनवेले गल्लीतल्या बकऱ्या मोजल्या, एक बी कमी नाही. मंग कायले बोलू?"

मी रडत रडत आईचं बोलणं सांगितलं. बायजाबाई भडकलीच. "असी कसी वं तुयी माय? लेकीचं माहेर तोडते का कोणी?"

त्या पुनवेला तिने पळसाच्या पानात मटण बांधलं, वरून जागेश्वरने विणलेला पंचा. माहेरी रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणे. दिवेलागणीला जागेश्वर गाठोडं घेऊन माळापर्यंत आला. चंद्र वर आला, मी बदलले. तो दोन पावलं मागे सरला, खोटं कशाला सांगू? मग पुढे आला आणि गाठोडं माझ्या तोंडात दिलं.

आईने मटण चाटूनपुसून खाल्लं. पंचा किती तरी वेळ हुंगला आणि त्यावरच डोकं टेकून पडली. "मीठ जास्त हाय," म्हणाली. "पुढच्या पुनवेले कमी टाक म्हणावं तिले."

आता मला अठरावं लागलंय. पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न आहे. रामटेक लांब पडतं, पण चार पायांना काय त्याचं! तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुनवेच्या संध्याकाळी तोंडात गाठोडं धरून पळणारी लांडगी दिसली, तर दगड उचलू नका. तिला जाऊ द्या, माहेरवाशीण आहे.